पहिल्या ठोक्याचा उशीर

गौतमअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात मायक्रोमीटर होता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी मालाची तपासणी करतो. ओतून, कातून आलेले व्हॉल्व्हचे भाग मोजायचे, आकडा रजिस्टरात लिहायचा, मापात बसला तर पुढं, नाही तर बाजूला. फोनवर निपाणीहून अण्णांची धाकटी बहीण, शांताआक्का, बोलत होती. "अण्णा गेला रं बाबा... पहाटं. तुला पयला फोन केलाय बघ." मी "बरं" म्हणालो. तेवढंच. फोन खिशात ठेवला आणि हातातलं काम पुरं केलं. सुट्टीच्या वेळी रजिस्टर मिटताना पाहिलं, तर फोननंतरच्या एकोणीस नगांपुढं मी एकच आकडा लिहिला होता. बावीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी निपाणीला जाण्याआधी तासभर लवकर जाऊन ते एकोणीस नग पुन्हा मोजले, खाडाखोड करून शेजारी सही केली, मग बस धरली. नग पुन्हा मोजता येतात. अण्णांच्या बाबतीतही मी एकदा एक आकडा लिहिला होता. तो आता मोजता येत नाही, आणि खोडताही येत नाही, कारण आकडा बरोबर होता.

अण्णा बेळगावात एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि एकतीस वर्षं एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. लग्नं, जयंती, गणपती, जिथं बोलावतील तिथं. चार जाड तारांचं हे वाद्य बहुतेकांना ऐकूच येत नाही. बंद पडलं की मात्र काहीतरी गेलं असं वाटतं. मलाही ते ऐकू आलं नव्हतं, लागलं होतं. तेरा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो आणि खुर्चीची पाठ माझ्या पाठीला ठराविक अंतरानं हळूच ढकलत होती. मी मोजलं. गाणं बदललं तरी अंतर तसूभर हललं नाही. जेवण सोडून मी स्टेजच्या मागं गेलो. लोखंडी स्टुलावर पांढऱ्या शर्टातला एक बारका माणूस बसला होता. डावा हात फिरत होता, उजवा जवळजवळ स्थिर. गाणं संपल्यावर विचारलं, "हे खुर्चीत येतंय ते तुमचं का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमास्नी ऐकू आलं? मग कान दाखवून घ्या कुठंतर. वीस वर्सांत नवरदेवाला बी ऐकू आलं न्हाय."

मी तेव्हा अडतीस वर्षांचा, उचगावच्या शेतकरी घरातला, दोन मुलांचा बाप. संगीताशी संबंध म्हणजे गावच्या भजनात टाळ, तोही चुलते नसले तर. तरी पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी शहापुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत हजर होतो. वहिनी आधीच गेलेल्या, मूल नव्हतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली गिटार. पहिले तीन रविवार अण्णांनी मला तिला हात लावू दिला नाही. टेबलाची कड धरायला लावली. अंगठा कडेवर टेकलेला, आणि पहिलं बोट, मधलं बोट, पुन्हा पहिलं, पुन्हा मधलं, अशी दोन बोटं टेबलावर चालवायची. "लंगडायचं न्हाय. एक पाय जोरात, एक हळू, असा माणूस रस्त्यानं चालला तर लोक बघत्यात का न्हाय? तसं बघितलं न्हाय पायजे कुणी."

चौथ्या रविवारी गिटार मांडीवर आली आणि मी तार ओढली. ओढलीच. सगळी खोली घणाणली. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "तू विहिरीतनं पाणी काढायलायस काय? आवाज वाढवायला मशीन हाय. बोटाचं काम येगळं." मग त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. निपाणीत त्यांची आई घरी बिड्या वळायची. वळलेल्या बिडीचं तोंड नखानं दुमडून मिटायचं काम सात-आठ वर्षांच्या अण्णांकडं. "जोर लावला तर पान फाटतंय. न्हाय लावला तर तोंड उघडं ऱ्हातंय आन् तंबाखू सांडतोय. त्या दोन्हीच्या मधी जेवढं ऱ्हातंय न्हवं, तेवढ्याच जोरानं तार दाबायची आन् सोडायची. सोडली की बोट वरच्या तारेवर जाऊन बसलं पायजे. हवेत फिरलं न्हाय पायजे." आई दिवसाला हजार बिड्या करायची. माल देताना तपासणारा मूठभर उचलायचा. त्यात एक जरी तोंड उघडं दिसलं तर सगळी जुडी बाजूला. "डोळे अगदी तुझ्यावाणी. कायम कायतर चुकल्यालं हुडकणारं." त्या दिवसापासून माझं नाव इन्स्पेक्टर पडलं. मीही हसलो होतो. माझा व्यवसायच तो.

अकरा वर्षं मी रविवार चुकवले नाहीत. चुकले ते सदतीस, माझ्याकडं नोंद आहे. पुष्कळ शिकलो. मनगट मोडायचं नाही, नाही तर रात्री मुंग्या येतात. वाजवलेल्या तारेपेक्षा न वाजवलेल्या तीन तारा जास्त सांभाळाव्या लागतात. अंगठा खाली सरकवून जाड तारेवर नुसता ठेवायचा, म्हणजे ती मधेच गुरगुरत नाही. मला नियम आवडतात, म्हणून बोटांची पाळी मी कधी मोडत नसे. पण बारीक तारेवरून जाड तारेवर येताना अण्णा स्वतःच ती मोडायचे. एकाच बोटानं घसरत वर यायचे. मी टोकलं. म्हणाले, "जिना उतरताना पाय मोजतोस काय रं?" मी मोजतो. तसं सांगितलं. त्यावर ते इतका वेळ हसले की त्यांना खोकला लागला. बायको घरी म्हणायची, "एवढं शिकून तुम्ही वाजवणार कुठं?" मला वाजवायचं कुठंच नव्हतं. त्यांच्या त्या उजव्या हातासमोर बसायचं होतं. गिटारीवर जिथं अंगठा टेकतो, त्या काळ्या पट्टीच्या कडेला त्यांच्या अंगठ्यानं खळगा पाडला होता. मी एकदा मोजला होता. शून्य पूर्णांक सात मिलिमीटर. "एकतीस वर्सांत एवढंच व्हय?" ते म्हणाले. "मग लई हलका हात हाय माझा."

आता ते सांगतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचे कडोलीचे शंकरआप्पा. अण्णांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, आडदांड, बोलायला फटकळ. अण्णा कायम त्यांच्या डाव्या हाताला स्टूल टाकून बसायचे. अण्णा-आप्पांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे, "आलास व्हय रं?" आणि "न्हाय, वाटंवर हाय अजून." तीन दशकं दर कार्यक्रमाला हेच. गायक आणि मालक रमेश, पन्नाशीतला, सरळ माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "हल्ली गाणं जड वाटतंय. मागं ओढल्यासारखं. कुणाचं चुकतंय कळंना. तू मोजणारा माणूस. बघ की जरा." मला बरं वाटलं. अकरा वर्षांत ऑर्केस्ट्रातल्या कुणी मला काही विचारलं नव्हतं.

मी नीट केलं. सराव रविवारी दुपारी समाजमंदिरात व्हायचा. कीबोर्डमधला तयार ठेका एका वायरनं आणि अण्णांची गिटार दुसऱ्या वायरनं मी छोट्या रेकॉर्डरला जोडली. तीन रविवार. अण्णांना म्हणालो, घरी ऐकायला घेतोय. ते खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. घरी मुलाच्या लॅपटॉपवर प्रत्येक स्वर चित्रासारखा उभा राहतो; दोन उभ्या रेघांमधलं अंतर मोजता येतं. चारशे बारा स्वर मोजले. त्यातले बहुतेक सगळे जागेवर, इतके की माझ्या कारखान्यातही एवढा सारखा माल निघत नाही. फक्त आवर्तनाचा पहिला ठोका. तो प्रत्येक वेळी उशिरा. सेकंदाचा साधारण पंचविसावा भाग. आणि त्या गाण्यांत पहिला ठोका दर वेळी मधल्या बोटावर यायचा. अण्णा तेव्हा सदुसष्टचे. चहाचा कप उजव्या हातात किंचित हलायचा, तेही मी पाहिलं होतं. दोन आणि दोन चार. मधलं बोट थकलं होतं.

रमेशला दाखवण्याआधी कागद अण्णांना दाखवायचा, एवढी रीत मी पाळली. एका पानावर तक्ता, खाली निष्कर्ष: मधल्या बोटाचा विलंब. अण्णांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "कुठला ठोका म्हणलास?"

"पहिला."

"फकस्त पयलाच?"

"फक्त पहिला. दर वेळी."

"माझी एकट्याचीच वायर लावलतीस?"

"व्हय. म्हणजे दुसऱ्याचं त्यात मिसळायला नको."

त्यांनी मान हलवली. "मोजलायस बरोबर." कागदाची चारी टोकं त्यांनी नखानं आत दुमडली... अगदी हळू, पान फाटू नये तशी... आणि खिशात ठेवला. "बोट म्हातारं झालं म्हणायचं. मी सांगतो रमेशला. तू नको सांगू." पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आता हात चालत नाही, जागा इन्स्पेक्टरला द्या. शंकरआप्पा ढोलकीच्या दोऱ्या आवळत होते. ते आवळतच राहिले. जाताना अण्णांनी गिटार पेटीसकट माझ्या हातात दिली. मी नको म्हणालो तर म्हणाले, "मग काय भिंतीला वाजवू?" आणि दारात थांबून एवढंच, "शंकरच्या डाव्या बाजूला बस, बरं का."

मी उजव्या बाजूला बसलो. तिथून कीबोर्ड सरळ दिसायचा, ठेका स्वच्छ ऐकू यायचा. दोन महिन्यांत अण्णा शहापुरातली खोली सोडून निपाणीला बहिणीकडं राहायला गेले. मी पहिल्या ठोक्याला बरोबर पहिल्या ठोक्यावर होतो. रेकॉर्ड करून तपासत होतो. पण गाणं सुधारलं नाही. उलट आता पहिल्या ठोक्याला दोनदा धप् व्हायचं. आधी माझं, मागून आणखी एक. रमेश म्हणाला माईकची काहीतरी भानगड असेल. माईक बदलला. चार महिन्यांनी शंकरआप्पा यायचे बंद झाले. निरोप आला की गुडघे दुखतात. रमेशनं ढोलकीच्या जागी बटणाचं यंत्र घेतलं. ते कधी चुकत नाही, मीही चुकत नव्हतो. आमच्या वाजवण्यावर कुणी नाचेनासं झालं.

निपाणीला मी एकदाच गेलो, गेल्या दिवाळीनंतर. अण्णा वाळले होते, पण चेष्टा तशीच. "काय इन्स्पेक्टर, सगळं मापात?" मी म्हणालो, मापात आहे, पण बरोबर नाही. त्यांनी मग विचारलं, "शंकर कसा हाय?" मी सांगितलं, आप्पा येत नाहीत हल्ली, गुडघे. अण्णांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकले. मी उठलो. ती शेवटची भेट. साडेचारची बस होती, मी चारलाच निघालो होतो.

अण्णांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी निपाणीच्या त्या घरासमोर पांढऱ्या कपड्यांतली पन्नासेक माणसं बसली होती. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. नंतर शांताआक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "शेवटचं आठ दिवस बोलणं न्हवतं. पण उजवा हात गप बसंना. पांघरुणावर दोन बोटं चालायची नुसती. चालता चालता मधीच थांबायची... कुणाची तर वाट बघितल्यागत. मग परत चालायची. मी म्हणायची, कुठं निघालास रं अण्णा, कुणासाठी थांबलास?" मला ते ऐकवेना. मनात आलं ते मात्र अगदी कोरडं होतं, ते लिहिलं पाहिजे: म्हणजे मधलं बोट खरंच गेलं होतं. माझं मोजमाप बरोबर होतं. मेलेल्या माणसाच्या दारात बसून मला एवढाच दिलासा सापडला.

शंकरआप्पा खांबाला टेकून सगळं ऐकत होते. त्यांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं. गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर म्हणाले, "गौतमचं मोजलास. माझं का न्हाय मोजलास?"

मला कळलं नाही.

त्यांनी डावा हात वर करायचा प्रयत्न केला. खांद्याच्या उंचीवर तो अडकला आणि थरथरला. "तीन वर्सं झाली. गुडघं न्हवं, खांदा. ढोलकीवरली डाव्या हाताची घुम मागं पडतीया. पयल्या ठोक्याला जोर लागतोय, तितंच अडकतंय. मी कुणाला सांगितलं न्हवतं. घरात बी न्हाय. गौतमला पयल्याच दिवशी कळलं. मला म्हणला न्हाय काय... नुसता माझ्याबरोबर मागं आला. माझा खांदा बघायचा आन् बोट धरून ठेवायचा. घुम आन् त्याची तार एकदम पडली की लोकास्नी वाटायचं, हितंच हाय ठोका. मला सुदिक वाटायचं रं. मला वाटायचं, औषधानं खांदा सुधारलाय." त्यांनी हात खाली घेतला. "तू घड्याळाबरोबर वाजवाय लागलास, तवा मला माझा हात ऐकू आला."

मी शेवटी एवढंच विचारलं, "अण्णांनी मला सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? शंकरचा हात गेलाय म्हणून?" आप्पा म्हणाले. "तुला सांगितलं म्हंजे कागदावर आलं असतं की ते."

परतीच्या बसमध्ये मला आमच्या कारखान्यातली एक साधी गोष्ट आठवत राहिली. काही व्हॉल्व्हची तोंडं आणि बैठका एकमेकांवर घासून बसवलेल्या असतात. सुटी मोजली तर दोन्ही मापाबाहेर जातात. जोडीनं लावली तर पाण्याचा थेंब गळत नाही. म्हणून त्या नगांना आम्ही दोऱ्यानं बांधून ठेवतो आणि सुटं मोजायचं नाही असा नियम आहे. तो नियम आमच्या खात्यात मीच लिहून भिंतीला लावलाय. बावीस वर्षांत कुठल्याही नव्या पोराला मी ती चूक करू दिली नाही.

तेव्हापासून पहिला ठोका मला सोडत नाही. कारखान्यातला प्रेस पडतो, मागून अर्ध्या श्वासानं आणखी काहीतरी पडल्यासारखं वाटतं. घरात पंख्याची करकर, नळाची ठिबक, सगळ्याला मागून एक पाऊल येतं. जेवताना माझी दोन बोटं ताटाच्या कडेवर चालतात आणि मधेच थांबतात. बायको बघते. त्या चारशे बारा स्वरांची फाईल लॅपटॉपवर अजून आहे. एकदा लावली. एका कानात ठेका, दुसऱ्यात एकटी तार, आणि दर पहिल्या ठोक्याला ती छोटीशी पोकळी. पंचविसावा भाग. त्या पोकळीत आप्पांचा हात होता, आणि मी तो वायरीबाहेर ठेवला होता. पुन्हा लावायचं धाडस झालं नाही.

गेल्या रविवारी गिटार आणि आवाजाचं छोटं मशीन घेऊन कडोलीला गेलो. आप्पांनी आधी दारातूनच वाटेला लावलं. "मी वाजवत न्हाय आता. तुझ्या यंत्राकडं जा." मी म्हणालो, "वाजवू नका. मी बसतो." ओसरीवर त्यांच्या डाव्या बाजूला स्टूल टाकून बसलो. ते तोंड फिरवून बसले. पाऊणएक तास गेला. मग स्वतःच उठले, ढोलकी काढली, धूळ पुसली. दोऱ्या आवळताना शिव्या चालू होत्या, मला की खांद्याला, कळलं नाही.

अंगठा त्या खळग्यात टेकवला. पहिल्या ठोक्याला मी आधी पडलो, मागून घुम. दुसऱ्यांदा मी थांबलो, पण मनात अंतर धरून थांबलो, पंचविसावा भाग. तेव्हा घुम आणखी उशिरा आली. खांदा रोज सारखा नसतो. हे कुठल्याही तक्त्यात बसलं नसतं. "आकडं सोड," आप्पा ओरडले, "हिकडं बघ!" मी त्यांच्या खांद्याकडं बघू लागलो. हात उचलायच्या आधी तो किंचित वर येतो, अडकतो, आणि मग पडतो. तो अडकतो तिथं बोट तारेवर नुसतं टेकवून ठेवायचं. फाटू द्यायचं नाही, सुटू द्यायचं नाही... सातव्या का आठव्या वेळी, मी मोजलं नाही, एकच धप् झालं. ओसरीची फरशी तळपायाला लागली.

आप्पांचा हात थांबला नाही. डोळे मिटले होते. मान डावीकडं, माझ्याकडं थोडी वळली आणि ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आलास व्हय रं?"

अंगठा खळग्यात होता. मधलं बोट तारेवर टेकलेलं, पुढच्या ठोक्यासाठी थांबलेलं. मी म्हणालो, "न्हाय. वाटंवर हाय अजून."